हमी कंपनीची, जोखीम गृहिणीची

घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीवर दिली जाणारी हमी, म्हणजे जिला दुकानात आणि घरात सगळेच 'वॉरंटी' म्हणतात ती, हा समाजवादी साप्ताहिकाने हाताळावा असा विषय आहे काय, अशी शंका आपल्याच काही मित्रांना येईल. शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांची पिळवणूक, शिक्षणाचे खासगीकरण हे प्रश्न पुढ्यात असताना मिक्सर आणि फ्रिज यांची गाऱ्हाणी घेऊन कोण बसणार, असे ते म्हणतील. हा सुखवस्तू मध्यमवर्गाचा विषय आहे, त्याने तो ग्राहक मंचात जाऊन सोडवावा, अशी एक तुच्छता डाव्या चळवळीत पूर्वीपासून आहे. ही तुच्छता वस्तुस्थितीला धरून नाही आणि राजकीयदृष्ट्या ती आपल्याच मुळावर येणारी आहे, हे दाखवून देण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

एके काळी फ्रिज हे प्रतिष्ठेचे लक्षण होते, ही गोष्ट खरी. आज तो चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आहे, झोपडपट्टीत आहे, तालुक्याच्या गावी शिक्षण सेवकाच्या भाड्याच्या घरात आहे. तो रोखीने नव्हे, हप्त्याने घेतलेला आहे. त्यात मधुमेही आजोबांचे इन्शुलिन आहे, डबे पुरविणाऱ्या बाईचे भिजवलेले कडधान्य आहे, मासळी विकून उरलेला माल आहे. मिक्सर बंद पडला तर ज्या घरात पाटा-वरवंटा केव्हाच गेला तिथे पहाटेचा एक तास वाढतो, आणि तो तास घरातील बाईच्या झोपेतून वजा होतो. तामिळनाडू सरकारने २०११ मध्ये शिधापत्रिकेवरील स्त्रियांना मिक्सर, ग्राइंडर आणि पंखा मोफत देण्याची योजना सुरू केली, तेव्हा तिच्यावर खैरात म्हणून पुष्कळ टीका झाली. परंतु स्वयंपाकघरातील यंत्र हा स्त्रीच्या श्रमाचा प्रश्न आहे, एवढे तरी त्या योजनेने ओळखले होते. महाराष्ट्रातील समाजवाद्यांना हे नव्याने शिकण्याची गरज नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या वतीने मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. तेल, रॉकेल, साखर हे जर राजकारणाचे विषय होते, तर त्याच स्वयंपाकघरात आज जे यंत्र उभे आहे त्याची दुरुस्ती हाही राजकारणाचाच विषय आहे.

कागदावर काय लिहिलेले असते

हमीपत्र म्हणजे कंपनीने ग्राहकाला दिलेले आश्वासन, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ते आश्वासन आहेच, पण त्याहून अधिक ते जोखमीच्या वाटणीचे पत्रक आहे. यंत्र बिघडले तर कोणता खर्च कोणी सोसायचा याची ती यादी असते, आणि ती यादी दोन पक्षांपैकी एकाच पक्षाने, म्हणजे कंपनीने, एकट्याने तयार केलेली असते. ग्राहकाला तिच्यात एक शब्दही बदलता येत नाही. बहुतेक वेळा खोके उघडेपर्यंत ती वाचताही येत नाही, आणि ती मराठीत क्वचितच असते.

या यादीतील वगळलेल्या बाबी पाहाव्यात. विजेच्या दाबातील चढउतारामुळे झालेला बिघाड हमीत बसत नाही. उंदराने वायर कुरतडल्यास ती हमीत बसत नाही. क्षारयुक्त पाण्याने गिझरच्या कॉइलवर किंवा वॉशिंग मशीनच्या टाकीत थर चढल्यास ते बसत नाही. गंज अनेकदा बसत नाही. आता मराठवाड्यातील बोअरचे पाणी, कोकणातील खारा वारा, खेड्यातील रात्रीचा वाढता आणि संध्याकाळचा घसरता विजेचा दाब आणि गिरणगावातील जुन्या चाळीतील उंदीर हे सर्व बाजूला काढले, तर घरगुती यंत्र बिघडण्याची कारणे शिल्लक तरी कोणती राहतात? या देशात विकावयाच्या वस्तूच्या हमीतून हा देशच वगळलेला असतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर १० वर्षांची हमी असल्याचे दरवाजावरील चकचकीत पट्टी सांगते. कॉम्प्रेसर खरोखरच सातव्या वर्षी बंद पडला तर कळते की ही हमी त्या लोखंडी डब्यापुरती होती. गॅस, ड्रायर, जोडकाम, वाहतूक, मेकॅनिकच्या येण्याचा आकार आणि त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर हे बहुधा ग्राहकाने द्यावयाचे असतात. इन्व्हर्टर पद्धतीच्या यंत्रात कॉम्प्रेसर ठणठणीत आणि त्याला चालविणारे सर्किटचे कार्ड जळालेले, असेही घडते. त्या कार्डाची हमी अनेकदा वेगळी आणि कितीतरी तोकडी असते. जाहिरातीत मोठ्या टाइपात दहा आणि आतल्या कागदावर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत एक, अशी ही गणिताची रीत आहे.

पण खरी गोम याच्याही पुढे, दुरुस्तीच्या हमीत आहे. यंत्र एकदा दुरुस्त झाले की त्या दुरुस्तीची हमी किती? मूळ हमीची मुदत चालू असेल तर बहुतेक हमीपत्रांत एक वाक्य ठरलेले असते: बदललेल्या भागाला मूळ हमीच्या उरलेल्या काळापुरतीच हमी राहील. म्हणजे अकराव्या महिन्यात मोटार बदलली तर नव्या कोऱ्या मोटारीची हमी एक महिना. यंत्र तीन आठवडे सर्व्हिस सेंटरमध्ये पडून राहिले तर ते तीन आठवडे ग्राहकाच्या खात्यातून गेले. मुदत संपल्यानंतर पैसे मोजून दुरुस्ती करवून घेतली तर पावतीवर ३० किंवा ९० दिवस असा आकडा असतो. त्यात कधी भागाची हमी असते, कधी मजुरीची, क्वचितच दोन्हींची. काढलेला जुना भाग कंपनीच्या मालकीचा होतो, म्हणून तो खरोखरच निकामी होता काय हे तपासण्याची वाटही बंद होते.

याचा व्यवहारात अर्थ काय, हे एका नेहमीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. फ्रिज थंड करीत नाही. मेकॅनिक येतो, गॅस संपला आहे असे सांगतो आणि गॅस भरून जातो. परंतु फ्रिजमधील गॅस हा स्कूटरमधील पेट्रोलसारखा वापराने संपत नसतो. बंद नळ्यांतून तो फिरत राहावा अशीच रचना असते, म्हणून तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. ती शोधून बुजविणे, ड्रायर बदलणे, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा आणि ओलावा काढून घेणे आणि मग मोजून गॅस भरणे, ही खरी दुरुस्ती. यातले पहिले तीन टप्पे गाळले तर फ्रिज आज थंड होतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा बसतो, किंवा आत राहिलेला ओलावा कॅपिलरीत गोठून वाट अडवतो. त्या वेळी पावती काढली तर तिच्यावर लिहिलेले असते की गॅसवर हमी नाही. ज्या कामाचा दोष दोन महिन्यांनी प्रकट व्हावयाचा त्याची हमी एक महिन्याची ठेवली, तर ती कागदावर असूनही नसल्यासारखीच आहे.

१९३० चा कायदा आणि २०१९ चा कायदा

यावर शहाणे लोक दोन उत्तरे देतात. पहिले असे की ग्राहकाने वाचून सही करावी. दुसरे असे की कायदा आहे, त्याचा आधार घ्यावा. दुसऱ्या उत्तराचा आधी विचार करू.

आपल्याकडे वस्तूंच्या खरेदी-विक्रीचा मूळ कायदा १९३० चा आहे. तो इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यावरून बेतलेला आहे. या कायद्यात 'वॉरंटी' हा शब्द कराराच्या मुख्य हेतूला आनुषंगिक, म्हणजे दुय्यम, अशा अटीसाठी योजलेला आहे. वॉरंटीचा भंग झाला तर नुकसानभरपाई मागता येते, पण माल परत करण्याचा हक्क मिळत नाही. तो हक्क देणारी मुख्य अट वेगळी, आणि एकदा माल स्वीकारला की सामान्यतः तिचा भंगही वॉरंटीच्या भंगाच्या पातळीवर उतरतो. याच कायद्याच्या १६ व्या कलमात, विकलेला माल त्याच्या उपयोगास योग्य आणि व्यापारी दृष्ट्या चांगल्या प्रतीचा असला पाहिजे अशी गर्भित अट, तेथे दिलेल्या परिस्थितीत, ग्राहकाच्या बाजूने आहे. पण ६२ वे कलम सांगते की असे गर्भित हक्क स्पष्ट कराराने रद्द किंवा कमी करता येतात. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याची सोय कायद्यातच आहे. ज्या इंग्लंडकडून आपण हे घेतले त्याने १९७३ आणि १९७७ च्या कायद्यांनी ग्राहकाच्या व्यवहारांपुरती ही सोय बंद केली. आपण इंग्रजांचे राज्य घालविले, पण त्यांनी स्वतः टाकून दिलेले कलम जपून ठेवले आहे.

दुरुस्ती ही तर वस्तूची विक्री नव्हे, सेवा आहे. सेवेतील वाजवी कौशल्याची आणि काळजीची गर्भित हमी इंग्लंडने १९८२ साली कायद्यात लिहून ठेवली. आपल्याकडे तिची जागा ग्राहक संरक्षण कायद्यातील 'सेवेतील उणीव' या कल्पनेने भरून काढावी लागते. १९८६ चा हा कायदा मोलाचा होता, आणि त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात ग्राहकाने जरूर लक्षात ठेवावे असे पुष्कळ आहे. पुरेशा चाचणीचा आधार नसताना यंत्राच्या आयुष्याची हमी देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि चाचणी केली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी हमी देणाऱ्यावर आहे. दुरुस्तीचे दिशाभूल करणारे किंवा पाळले जाण्याची वाजवी शक्यताच नसलेले आश्वासन देणे हीही तशीच प्रथा आहे. बिल न देणे ही अनुचित प्रथा. सेवा सदोष निघाल्यास पावतीवरील मुदतीत, आणि पावतीवर मुदतच नसेल तर ३० दिवसांत, ती मागे घेऊन पैसे परत करण्यास नकार देणे हीही अनुचित प्रथा. तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते. कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे, आणि मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. हे सर्व वाचकांनी आपल्या शेजाऱ्यांना सांगावे.

परंतु या कायद्याची भोकेही तितकीच मोठी आहेत. मुदत पावतीवर लिहिलेली असेल तर तीच धरावयाची, म्हणजे मुदत ठरविणार दुरुस्ती करणारा. उत्पादन दायित्वाचे एक स्वतंत्र प्रकरण २०१९ मध्ये मोठा गाजावाजा करून आणले गेले. पण त्यातील 'हानी' या शब्दाच्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूची हानी वगळली आहे. गिझर फुटून भिंत पडली तर दायित्व, नुसता गिझर फुटला तर नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की 'अनुचित करार' ही नवी आणि चांगली कल्पना या कायद्याने आणली, ग्राहकावर गैरवाजवी आकार, बंधन किंवा अट लादणारे कलम रद्दबातल ठरविण्याचा अधिकारही दिला, पण तो राज्य आणि राष्ट्रीय आयोगांना दिला, जिल्हा आयोगाला नाही. गडचिरोलीच्या बाईला ४ हजारांच्या मिक्सरच्या हमीपत्रातील एक अन्यायकारक वाक्य खोडून घ्यावयाचे असेल तर तिने राज्य आयोगाची पायरी चढावी, अशी ही व्यवस्था आहे. जिल्हा आयोगांत तरी माणसे असतात काय? अध्यक्ष आणि सदस्य यांच्या रिक्त जागांची सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली होती.

एकतर्फी करारांविषयी विधी आयोगाने १९८४ च्या आपल्या १०३ व्या अहवालात आणि पुन्हा २००६ च्या १९९ व्या अहवालात लिहिले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने ब्रजोनाथ गांगुली खटल्यात, सौदाशक्ती विषम असताना दुबळ्याच्या माथी मारलेले अन्याय्य कलम सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याने निरर्थक आहे, असा निर्णय दिला. तो खटला एका कर्मचाऱ्याच्या नोकरीचा होता. कामगाराला जो न्याय लागू झाला तो त्याच कामगाराच्या घरातील यंत्राला लागू व्हावा यासाठी मात्र संसदेने १८७२ च्या करार कायद्यात एक ओळ घातलेली नाही.

बाजार हे का सोडवत नाही

आता पहिल्या उत्तराकडे वळू. ग्राहकाने जागे राहावे, वाचावे, तुलना करावी, म्हणजे स्पर्धेने सर्व काही सुरळीत होईल, असे बाजारवादी अर्थशास्त्रज्ञ सांगतात. गंमत अशी की त्यांच्याच शास्त्राने याचे खंडन कधीच करून ठेवले आहे. जॉर्ज अकर्लॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की विकणाऱ्याला मालाचे गुणदोष ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असतील तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. या कामाबद्दल २००१ चे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांसह मिळाले. या रोगावरील एक उपाय म्हणून त्यांनी हमीचाच निर्देश केला होता. हमी देणारा आपल्या मालाबद्दलचे आपले ज्ञान स्वतःच्या खिशाने गहाण ठेवतो, म्हणून तिला अर्थ.

दुरुस्तीच्या बाबतीत अज्ञान आणखी गहिरे असते. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ साली याचा विचार केला. अशा सेवेत ग्राहकाला आधी तर नाहीच, नंतरही कळत नाही की आपल्याला नेमके काय हवे होते आणि काय मिळाले. कार्ड खरोखर जळाले होते की एक दहा रुपयांचा सुटा भाग बदलून भागले असते, हे फ्रिज चालू झाल्यावरही समजत नाही. त्यांच्या निबंधाचे शीर्षकच 'मुक्त स्पर्धा आणि फसवणुकीची इष्टतम मात्रा' अशा अर्थाचे आहे. मुक्त स्पर्धेतही फसवणुकीला एक मात्रा उरते, हे तेथे शास्त्रीय भाषेत मान्य केलेले आहे. आणि आपल्याकडे तर स्पर्धाही नाही. फ्रिज घेताना दहा कंपन्या आहेत, पण एकदा तो घरात आला की त्याचे कार्ड, त्याची गॅस्केट, त्याचा टायमर पुरविणारी कंपनी एकच. दुकानात राजा असलेला ग्राहक दुरुस्तीच्या वेळी वेठबिगार होतो. जेथे मक्तेदारी आहे तेथे हमी वाढविण्याची कोणाला गरज वाटावी?

उलट हमीचीच विक्री सुरू झाली आहे. यंत्राची किंमत ठरली की काउंटरवरचा तरुण 'वाढीव वॉरंटी' पुढे करतो, आणि वर्षभराने सर्व्हिस सेंटरमधून वार्षिक देखभाल कराराचे फोन येऊ लागतात. यंत्र टिकेल अशी खात्री किमतीत धरलेली नव्हती, ती वेगळी विकत घ्यावी लागेल, याची ही कबुली आहे. दरम्यान यंत्र बंद असले तरी हप्ता बंद होत नाही. इंग्लंडच्या १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याने विक्रेत्याच्या करारभंगाला कर्ज देणाऱ्यालाही ठराविक मर्यादेत जबाबदार धरले. आपल्याकडे वित्तसंस्था यंत्राशी आपला संबंध नाही असे सांगून मोकळी होते.

वस्तीतला मेकॅनिक

येथे एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. दुरुस्तीच्या हमीचा प्रश्न म्हणजे मेकॅनिकला धारेवर धरणे नव्हे. कंपनीच्या नावाचा शर्ट घालून घरी येणारा तरुण पुष्कळदा कंपनीचा नोकर नसतोच. तो कंत्राटदाराचा माणूस, कॉलमागे पैसे मिळणारा, दिवसात किती घरे केली यावर ज्याची कमाई ठरते असा. गळती शोधायला दोन तास लागतात आणि गॅस भरायला वीस मिनिटे, तर त्याने काय करावे? वाईट दुरुस्ती ही त्याच्या वाईट रोजगाराची दुसरी बाजू आहे.

आणि कोपऱ्यावरच्या टपरीत मोटार गुंडाळणारा, मिक्सरची कपलिंग बदलणारा जो स्वतंत्र कारागीर आहे, त्याची 'काही झालं तर फोन करा, मी आहे' ही तोंडी हमी कंपनीच्या छापील कागदापेक्षा अनेकदा मोलाची ठरते, कारण तो उद्याही त्याच कोपऱ्यावर असणार आहे. परंतु या कारागिराला कंपनी सुटे भाग देत नाही, सर्किटचा नकाशा देत नाही, आणि त्याने यंत्राचा स्क्रू फिरविला तर ग्राहकाची हमी रद्द करते. अमेरिकेसारख्या भांडवलशाहीच्या माहेरघरी १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने, विशिष्ट कंपनीचाच भाग किंवा सेवा वापरली पाहिजे अशी सक्ती हमीला जोडण्यावर बंदी घातली. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध करावेत असे सांगितले आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट हमी रद्द करण्यास मनाई केली. कंपन्या अपिलात गेल्या, तो भाग वेगळा. प्रश्न असा की जो न्याय मोटारवाल्याला, तो मिक्सरवालीला का नाही?

केंद्र सरकारने काहीच केले नाही असे नाही. जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली गेली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी एक पोर्टल उघडले. २०२४ मध्ये, जे यंत्र कंपनीच्या माणसाने बसविल्याखेरीज चालविता येत नाही त्याची हमी खरेदीच्या नव्हे तर बसविल्याच्या दिवसापासून मोजावी, अशी सूचना ग्राहक व्यवहार खात्याने कंपन्यांना केली. समिती, पोर्टल आणि सूचना. यांतले काहीही न्यायालयात हक्क म्हणून मागता येत नाही. युरोपीय संघाने फ्रिज, वॉशिंग मशीन यांचे ठरावीक सुटे भाग ७ ते १० वर्षे उपलब्ध ठेवणे २०२१ पासून बंधनकारक केले. त्याच्या २०२४ च्या निर्देशानुसार कायदेशीर हमीच्या काळात ग्राहकाने बदलीऐवजी दुरुस्ती पत्करली तर ती हमी १ वर्षाने वाढते. तेथे दुरुस्तीने हमी वाढते, येथे ती उरलेल्या दिवसांत कोंबली जाते. त्याच जातीची यंत्रे विकणाऱ्या कंपन्या दोन्हीकडे आहेत. म्हणजे अडचण तंत्राची नाही, इच्छेची आहे.

काय मागावयाचे

आपली मागणी नेमकी असली पाहिजे. पैसे देऊन केलेल्या प्रत्येक दुरुस्तीला भाग आणि मजुरी मिळून किमान ६ महिन्यांची हमी कायद्याने लागू व्हावी आणि कोणत्याही छापील अटीने ती कमी करता येऊ नये. मूळ हमीच्या काळात बदललेल्या भागाला बदलाच्या दिवसापासून पूर्ण १ वर्ष मिळावे, आणि यंत्र दुरुस्तीस पडून राहिलेले दिवस मुदतीत धरू नयेत. भागाच्या दोषाची जबाबदारी तो बनविणाऱ्यावर असावी, कामाच्या दोषाची काम करणाऱ्यावर. असे केले तरच छोट्या कारागिराच्या डोक्यावर मोठ्या कंपनीचे ओझे पडणार नाही. १९३० च्या कायद्याचे ६२ वे कलम ग्राहकाच्या खरेदीला लागू नसावे. सुटे भाग आणि दुरुस्तीची पुस्तिका १० वर्षे, वाजवी दरात, कोणत्याही कारागिराला मिळावी. दुरुस्तीची पावती राज्याच्या भाषेत, एका ठराविक नमुन्यात असावी. दोष कोणता आढळला, भाग नवा की जुना, हमी कोणत्या तारखेपर्यंत, हे तिच्यावर लिहिलेले असावे आणि काढलेला भाग ग्राहकाला परत मिळावा. अनुचित कलम रद्द करण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला मिळावा.

एक काम राज्य सरकार आणि नगरपालिका यांना दिल्लीकडे न पाहता करता येण्यासारखे आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून फ्रिज आणि वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचे शिक्षण दिले जाते. या संस्थांना जोडून तपासणी केंद्रे काढावीत. नाममात्र शुल्कात तेथे बिघाडाचे लेखी निदान मिळावे. तक्रारदाराच्या हातात तज्ज्ञाचा दाखला नसणे हे ग्राहक आयोगापुढील त्याचे सर्वांत मोठे दुबळेपण आहे, ते यामुळे दूर होईल, आणि शिकणाऱ्या मुलांना खऱ्या यंत्रांवर हात बसविता येईल.

यामुळे यंत्रांच्या किमती वाढतील, असा आक्षेप घेतला जाईल. काही प्रमाणात वाढतीलही. पण आज तो खर्च नाहीसा झालेला नाही. तो दुरुस्तीच्या तिसऱ्या बिलात, नासलेल्या अन्नात, बाईच्या वाढलेल्या कामात आणि अकाली भंगारात गेलेल्या यंत्रात दडलेला आहे. तो किमतीत उघडपणे आला तर सर्वांवर वाटला जाईल आणि टिकाऊ यंत्र बनविणाऱ्याला त्याचा फायदा मिळेल. दडलेला राहिला तर ज्याच्यापाशी दुसरा फ्रिज घेण्याची ऐपत नाही त्याच्यावरच तो पडत राहील.

पक्षाच्या शाखांनी हे काम हाती घ्यावे. प्रत्येक वॉर्डात गेल्या दोन वर्षांतील दुरुस्तीच्या पावत्या आणि हमीपत्रे गोळा करावीत. समान हितसंबंध असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि नोंदणीकृत ग्राहक संघटनेलाही ती करता येते. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या, १९७५ पासून हे क्षेत्र राबविणाऱ्या संस्थेचा अनुभव आपल्या जवळ आहे. 'बदललेल्या भागाला मूळ हमीच्या उरलेल्या काळापुरतीच हमी' हे एकच वाक्य अनुचित करार म्हणून राज्य आयोगापुढे न्यावे आणि त्यामागे शंभर घरांच्या पावत्या उभ्या कराव्यात. एवढ्याने क्रांती होणार नाही. पण ज्या घरांत आपण फक्त निवडणुकीत जातो त्या घरांच्या स्वयंपाकघरापर्यंत पक्ष पोहोचेल, आणि तेथे सांगण्यासारखे काही काम त्याच्यापाशी असेल.